उघड्या टप्प्यावर धावायला मनाई

लष्करात पहिल्या दिवसापासून धावायला शिकवतात. आमच्या कंपनीत मात्र, जिथे माणसाला जीव घेऊन पळावंसं वाटायचं नेमकं तिथेच, धावायला मनाई होती. कारण आमच्या हातात दोर असायचा आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला खेचर.

मी खेचरांच्या कंपनीत हवालदार होतो. हे वाक्य गावात मी फार वेळा उच्चारलेलं नाही. ऐकणारा सभ्यपणे 'अच्छा' म्हणतो आणि मग विचारतो, "पण मेन काम काय होतं?" आमच्या कामाचं सरकारी नाव 'अ‍ॅनिमल ट्रान्सपोर्ट ड्रायव्हर'. त्यातला शेवटचा शब्द तेवढा घरी पोचला. माझी आई मरेपर्यंत मला ट्रकवर समजत होती. सुट्टीवर आलो की पौडच्या बाजाराला जायला कुणाचा तरी टेम्पो माग म्हणायची. मला धड सायकल येत नव्हती.

बाहेरच्या माणसासाठी सांगतो. डोंगरात जिथे ट्रकचा रस्ता संपतो तिथून आमचा सुरू होतो. दारूगोळा, रॉकेल, पाणी, पीठ, बटाटे हे वर न्यायचं. खाली येताना काय आणायचो ते सणाच्या अंकात लिहीत नाही. खेचर हे जनावर फार समंजस. पाठीवर ओझं चढवून पोटाखालचा पट्टा, म्हणजे तंग, आवळायला लागलात की ते पोट फुगवून उभं राहतं. नव्या पोराला वाटतं, झालं घट्ट. थोडं चाललं की जनावर श्वास सोडतं, तंग ढिला होतो आणि ओझं पोटाखाली लटकतं. म्हणून एकदा आवळायचं, एक बिडी होईपर्यंत गप्प उभं राहायचं आणि पुन्हा आवळायचं. निवृत्तीनंतर मी हिंजवडीत एका कंपनीच्या गेटवर सुपरवायझर होतो. मुलाखतीला येणारी पोरं छाती काढून गेटातून आत जायची, ती बघून मला हटकून तंग आठवायचा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. भीती दोरातून उतरते. माणूस बोलला नाही, ओरडला नाही, तरी त्याच्या मनगटातलं थरथरणं दोरातून जनावराच्या जबड्यापर्यंत जातं आणि जनावर थांबतं. त्यामुळे आमच्याकडे भीती हा काही नीतीचा प्रश्न नव्हता. तो माल वेळेवर पोचण्याचा प्रश्न होता. पायदळातला जवान घाबरला तर ते त्याचं त्याला माहीत. आमचा घाबरला तर सगळ्या रांगेला कळायचं.

दत्ता माझ्याच गावचा, वरच्या आळीचा. मी भरती झालो तेव्हा तो अंगणात नागडा फिरत होता. नव्या तुकडीबरोबर आमच्याकडे आला तेव्हा मिसरूड कोवळी होती आणि चेहऱ्यावर कायम असा भाव, की आपण चुकून दुसऱ्याच्या गाडीत बसलो आहोत.

"उस्ताद, मी घोटावड्याच्या फुडचा," तो हळूच म्हणाला. आमच्याकडे शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात.

"माहीत हाय. घरी काय सांगितलंयस?"

"डायवर म्हून."

"चालू दे. माझ्या आईनं लई वर्सं चालवलंय."

त्याला पहिलं खेचर दिलं ते तरणं आणि भित्रं होतं. दोघं एकमेकांना घाबरवायची. हरियाणाचा एक गडी त्याला रोज ऐकवायचा, "ओ महाराष्ट्र, तेरा खच्चर ही तेरे से डर गया." मी ते जनावर काढून घेतलं आणि त्याला 'सरपंच' दिला. सरपंच हे एक म्हातारं खेचर. खुरावर त्याचा सरकारी क्रमांक होता, पण आम्ही त्याला सरपंच म्हणायचो, कारण समोर खाणं ठेवल्याशिवाय ते हलायचं नाही आणि हललं की सगळी वाट आपल्याच मालकीची असल्यासारखं चालायचं. दोराच्या या टोकाला कोण आहे, घाबरलाय की मेलाय, याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात वर लढाई लागली.

आमच्या वाटेवर एक टप्पा असा होता की डोंगराचं वळण संपलं की पुढचं वळण येईपर्यंत आडोसा नाही. समोरच्या कड्यावर शत्रूची चौकी. त्यांना आम्ही दिसायचो तसे, जसा भिंतीवर मुंगळा दिसतो. एकामागून एक माणूस आणि त्याचं जनावर, मध्ये भरपूर अंतर, आणि चालायचं. धावायचं नाही. माणूस धावला की खेचर उधळतं, खेचर उधळलं की ओझं सरकतं, आणि वाट एवढी अरुंद की सरकलेलं ओझं जनावराला घेऊन दरीत जातं. वरच्या चौकीवरच्या पोरांचं पाणीही त्याबरोबर जातं. म्हणून तोफेचे गोळे पडत असताना खेचराच्या चालीनं चालायचं. वाचनालयातली युद्धावरची पुस्तकं मी पुढे बरीच वाचून काढली. त्यांत माणसं एक तर त्वेषानं धावून जातात, नाही तर मरतात. बटाटे घेऊन सावकाश चालणारा नायक मला अजून भेटलेला नाही.

दत्ता त्या टप्प्याच्या आधी रोज ओकायचा. बाजूला जायचा, ओकायचा, चूळ भरायचा, दोर हातात घ्यायचा आणि निघायचा. मला वाटलं होतं, आठवडाभरात सरावेल. सगळे तसंच म्हणतात. तो सरावला नाही. पहिल्या दिवशी जेवढा घाबरला होता तेवढाच रोज घाबरायचा, आणि रोज जायचा.

एकदा खरारा करताना त्यानं विचारलं, "उस्ताद, ह्ये कमी कवा व्हतं?"

"काय?"

"भ्या."

"कमी झालं की कळवतो," मी म्हणालो.

त्याला ती थट्टा वाटली. तेव्हा मीही तिला थट्टाच समजत होतो.

मग तो दिवस. सकाळपासून ढग होते, त्यांच्या आडोशानं अर्धी रांग पार झाली. दत्ता टप्प्याच्या मध्यावर असताना ढग उठला. पहिला गोळा वरच्या अंगाला पडला आणि दगडांचा लोंढा आला. त्याच्या पुढचं खेचर पाण्याच्या कॅनांसकट खाली गेलं. त्याचा माणूस सरपटत पलीकडच्या वळणाआड पोचला. दत्ता एका धोंड्यामागे बसला. दोर त्यानं सोडला नव्हता. दोराच्या टोकाला सरपंच उघड्यावर उभा, शेपटीनं माश्या वारत. वाट अडली. आमच्यामागे उरलेली रांग वळणाआड तुंबली, आणि वर आपल्या दोन चौक्या आदल्या दिवसापासून पाण्याविना होत्या.

आमच्याबरोबर एक लेफ्टनंट साहेब होते. दत्ताहून चार-पाच वर्षांनी मोठे असतील. ते वळणावरून ओरडले, "उठ! उठता है कि नहीं? कायर कहीं का! घर चिट्ठी भेजूँगा तेरे! गाँव में मुँह दिखाने लायक नहीं रहेगा!"

त्यांचा आवाज फाटला होता. घाबरले तेही होते. त्यांच्या हुद्द्याला भीती रागाच्या रूपानं बाहेर काढायची परवानगी होती, आमच्या नव्हती, एवढाच फरक. धमकी मात्र त्यांनी अचूक निवडली होती. मरण एक वेळ परवडतं. पण 'पळून आला' असं नाव घेऊन पिरंगुटला बसमधून उतरणं आमच्याकडच्या पोराला परवडत नाही. तरीही दत्ता उठला नाही. म्हणजे ज्या जागी तो पोचला होता तिथपर्यंत गावसुद्धा पोचत नव्हतं.

मी निघालो. चालत. धोंड्यापाशी जाऊन त्याच्या शेजारी बसलो.

"उस्ताद, पाय न्हाईत."

"हायेत की. दिसतायत मला."

"माजं न्हाईत ते."

"ऊठ दत्ता."

"तुमी जावा म्होरं. तुमाला न्हाई काय वाटत. तुमचं येगळं हाय."

मी त्याला म्हणालो, "माझ्या विजारीकडं बघ."

त्यानं बघितलं. मग माझ्या तोंडाकडे बघितलं.

"पानी सांडलं?"

"पाणी वर न्यायचंय अजून. ह्ये माझं हाय."

"कवा?"

"वळणावरनं निघालो तवाच."

"मंग हितवर आलात कसं?"

"वल्या विजारीनं चालता येतं. जरा घासतं, एवढंच."

तो हसला. ते हसू ऐकायला चांगलं नव्हतं, पण हसू होतं. मग त्यानं धोंड्याला धरून एक पाय सरळ केला, मग दुसरा, जणू खरंच दुसऱ्याचे होते. सरपंचाच्या मानेवर हात ठेवला आणि चालू लागला. उरलेल्या वाटेच्या निम्म्यात तो असताना आणखी एक गोळा मागे पडला. मी तोंड मातीत खुपसलं. वर बघितलं तेव्हा तो तसाच चालत होता, खेचराच्या चालीनं, मान खांद्यात घालून. धावला नाही. चोवीस वर्षांच्या नोकरीत मी याहून मोठं शौर्य पाहिलेलं नाही. आणि ते दुसऱ्या कुणीही पाहिलं नाही, कारण त्या क्षणी सगळे तोंड मातीत खुपसून पडले होते.

पाणी पोचलं. साहेबांनी चिठ्ठी लिहिली नाही. पुढे ते स्वतःच जखमी झाले आणि आमच्याच वाटेनं खाली गेले. स्ट्रेचरवरून त्यांनी दत्ताला हात केला. दत्ताला मिळालेला सन्मान तेवढाच.

लढाई संपल्यावर वर्तमानपत्रांत तोफा आल्या, विमानं आली. खेचर एकाही फोटोत आलं नाही. ते ठीकच होतं.

मी आधी निवृत्त झालो. दत्ता त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, नाईक होऊन. तोवर आमच्याकडे एक नवी रीत सुरू झाली होती. सैनिक निवृत्त होऊन आला की वेशीपासून त्याची मिरवणूक. उघडी जीप, डीजे, फेटे, फुलं उधळायला जेसीबी. आमच्या भागात जमिनी विकल्या गेल्या तसे जेसीबी वाढले, आणि घराचे पाये खोदायचे थांबले की ते फुलं उधळतात. या सगळ्याचे कर्तेधर्ते बाळाशेठ. हिंजवडीकडची जमीन एका बिल्डरला देऊन ते मोकळे झाले आणि देशसेवेला लागले, म्हणजे त्यांनी भरतीची अकादमी काढली. पोरांनी फी भरायची, पहाटे रस्त्यानं धावायचं आणि 'सिंह' लिहिलेले टीशर्ट घालायचे. दत्ताचा थोरला ओंकार तिथेच होता.

सत्काराच्या आदल्या दिवशी दत्ता माझ्याकडे आला. मला प्रमुख पाहुणा केलं होतं. चहा पुढे ठेवला तरी त्यानं घेतला नाही.

"उस्ताद, उद्या बोलायला सांगितलंय मला."

"मग बोल. आभार मान आणि बस खाली."

"तसं न्हाई. ओंकार भरतीला निगालाय. पोरगं रातचं झोपत न्हाई, घामानं हातरून भिजतंय. मला ठाव हाय ते काय हाय. त्याला वाटतंय, आपल्याला एकट्यालाच व्हतंय."

"घरात सांग की त्याला."

"घरात आयकत न्हाई. म्हनतो, तुमी लढाईचं कदी सांगितलंच न्हाई, म्हंजी कायतरी लई मोठं असंल. त्याला एकट्याला सांगितलं तर त्याला लाज वाटंल, बापानं वळाकलं म्हून. उद्या समदी पोरं असत्यात. समद्यांना सांगितलं म्हंजी त्यो एकटा ऱ्हानार न्हाई."

त्याचा हिशेब मला पटला. गडबड एवढीच होती, की तो डोंगरातला हिशेब होता आणि सभा गावात होती.

मिरवणूक निघाली. वेशीवरच्या फ्लेक्सवर दत्ताचं डोकं कुठल्या तरी कमांडोच्या धडावर बसवलं होतं. डाव्या हाताला रणगाडा, उजव्या हाताला लढाऊ विमान. खेचर नव्हतं. सुतळी बॉम्ब लागले तसा दत्तानं जीपचा दांडा धरला. मी शेजारीच उभा होतो, त्यानं तो शेवटपर्यंत सोडला नाही. खाली लोक मोबाईल वर धरून म्हणत होते, "दत्ताभाऊ, हात करा, हात!"

बाळाशेठनी ओळख करून दिली. शत्रूला कंठस्नान, सिंहाची छाती, मुळशीचा वाघ. एकाच माणसात एवढी जनावरं घालूनही नेमकं एक त्यांनी वगळलं. मग दत्ता माईकसमोर उभा राहिला. पहिल्या रांगेत टीशर्टवाली पोरं, त्यांत ओंकार, बापाकडे टक लावून.

"मी कुनाला मारलं न्हाई," दत्ता म्हणाला. "मी खेचरं घेऊन जायाचो. वर पानी न्यायचो. बाळाशेठ म्हनले तसं काय न्हाई. मला लई भ्या वाटायचं. रोज. मी वकायचो."

थोडे लोक हसले. दत्ताला वाटलं, ऐकतायत. तो सरसावला.

"एकदा तर मी धोंड्यामागं बसलो, उठंचना. तवा ह्ये आपलं उस्ताद, ह्ये पावनं बसल्यात न्हवं, ह्ये माझ्यापाशी आलं. आन म्हनलं, दत्ता, माझी विजार वली झालीया, बघ."

मंडपात जे हसू उसळलं ते मी फेटा सांभाळत ऐकलं. मागच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. कुणी तरी ओरडलं, "पावन्यांना टावेल द्या!" दत्ता हात वर करून सांगत होता, "आयका की! म्हून तर मी उठलो! म्हून उठलो मी!" पण ते पहिल्या रांगेपर्यंतही पोचलं नसावं.

बाळाशेठनी माईक घेतला. "बघा! ही खऱ्या वीराची विनम्रता! स्वतःवर विनोद करायला सुद्धा सिंहाची छाती लागते!"

मी उठून माईक त्यांच्या हातातून काढून घेतला. "विनोद नाही हा. विजार खरंच ओली होती, आणि माझीच होती. दत्ता सांगतो ते शब्दाला शब्द खरं आहे. पोरांनो, नीट ऐका." पोरांनी नीट ऐकलं आणि दुप्पट हसली. तेवढ्यात डीजेवाल्याला खूण झाली आणि गाणं लागलं. त्या आवाजापुढे तोफासुद्धा गप्प बसल्या असत्या.

ओंकार पंगतीला नव्हता. घरी गेल्यावर तो बापाला म्हणाला, "पप्पा, तुम्हाला सत्कारच नको होता तर तसं सांगायचं. माझं नाक कशाला कापलंत?" अकादमीत त्याला दुसऱ्या दिवसापासून 'वली विजार' हे नाव पडलं. त्यानं घर सोडलं आणि अकादमीच्या खोल्यांत राहायला गेला. दत्ता दोनदा डबा घेऊन गेला. दोन्ही वेळा डबा दुसऱ्या पोरानं घेतला.

पोरगं भरती झालं. धावायला चांगलं होतं. पुन्हा जीप, पुन्हा जेसीबी. जीपमध्ये त्याच्या शेजारी बाळाशेठ उभे होते. दत्ता गर्दीतून मागे मागे चालत गेला, डांबरी फाट्यापर्यंत. पोरानं पाया पडायला खाली उतरायचं असतं. तो जीपमधूनच वाकला.

गेल्या महिन्यात दत्ता आला. आमच्या कंपनीतलाच एक गडी आता ओंकार जिथे आहे त्या ट्रेनिंग सेंटरात शिकवतो. त्यानं फोन केला होता. ओंकारनं तिथे सगळ्यांना सांगितलंय की बाप रणगाड्यावर होता.

मला राग आला. म्हणालो, "बापाची लाज वाटते त्याला."

"लाज न्हाई, उस्ताद." दत्ता शांत होता. "भ्यालाय त्यो. मानसाला रनगाडा कवा लागतो ते मला ठाव हाय. माझा फोन त्यो घेत न्हाई. तितं त्याच्या शेजारी कोन जाऊन बसंल?"

त्या पोरांना रविवारी थोडा वेळ फोन मिळतो. त्या दिवशी रविवारच होता. मी माझ्या फोनवरून लावला आणि आवाज बाहेर येईल असा ठेवला. ओंकारनं उचलला.

"ओंकार, मी बोलतोय, तुझ्या वडिलांचा उस्ताद. कसा आहेस? झोप लागते का?"

पलीकडून मग दबक्या आवाजात, "काका, इथं सगळे आहेत." आणि लगेच मोठ्यानं, मला नव्हे, आजूबाजूच्यांना ऐकू जावं म्हणून, "एकदम मजेत सर! जय हिंद सर!"

फोन बंद झाला. दत्ता फोनच्या काचेकडे बघत राहिला.

"लई मोठ्यानं बोलला," तो म्हणाला.